शीग

जुलै २०२४ मधला शनिवार. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि माइल ट्वेल्व्हच्या बाजारात चिखलात पडलेले टोमॅटो पायाखाली पचपचत होते. नायजेरियातल्या लागोसमध्ये ज्याने दोन पावसाळे काढलेत त्याला डोळे बांधून आणलं तरी हा बाजार नाकाने ओळखता येईल. आंबलेला टोमॅटो, कांद्याची ओली पोती, उत्तरेकडून रात्रभर धावत आलेल्या ट्रकांचं डिझेल, आणि मध्येच कुठून तरी अकाराचा, म्हणजे चवळीच्या वड्यांचा, खमंग दरवळ. मी माझ्या नेहमीच्या मामाकडे चवळी घ्यायला उभा होतो. तिथे बाजारातल्या पोक्त बाईला मामा म्हणतात. पहिले काही महिने तो शब्द उच्चारला की माझ्या डोळ्यांसमोर धोतर-टोपीतले जालन्याचे मामा उभे राहायचे, मग सवय झाली. तर मामाने तीन डबे मापले आणि माझ्या पिशवीत ओतले. मी सवयीने म्हटलं, "मामा, जारा?"

जारा म्हणजे वरचं. माप झालं, पैसे ठरले की विकणाऱ्याने आपणहून किंवा गिऱ्हाइकाने मागितल्यावर घातलेली मूठ. आपण भाजीवाल्या मावशींना "वर थोडा कढीपत्ता टाका" म्हणतो, तोच सूर. त्यात हक्क असतो, लाडीगोडी असते आणि नाही म्हटलं तर राग येण्याचीही सोय असते. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारणीकडे पाहिलं. पोत्यात दोन बोटं घालून चवळीचा एक दाणा उचलला, माझ्या पिशवीवर धरला आणि सोडला. "वन." मग दुसरा. "टू." मग तिसरा. "थ्री. ओगा, युअर जारा." म्हणजे साहेब, हा तुमचा जारा. आजूबाजूच्या बायका खिदळल्या. माझा ड्रायव्हर हसला. मीही हसलो, पैसे दिले, पिशवी उचलली.

गाडी केटूच्या पुलापर्यंत आली तेव्हा हसू ओसरलं होतं आणि ते तीन दाणे राहिले होते. आजही आहेत.

आमच्या घरी ह्या वरच्याला शीग म्हणतात. उत्सुकता शिगेला पोचली असं आपण सर्रास लिहितो. पण शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग, हे शहरात वाढलेल्या माझ्या मुलीला सांगावं लागलं. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या खळ्यावर आजोबा बाजरी मापायचे तेव्हा मापटं असो की अधोली, शीग लावल्याशिवाय माप झालं असं कुणी मानत नसे. काठावरून दाणे ओघळायला लागले की हात थांबायचा. ओघळलेले दाणे कुणाचे, ह्यावर वाद नसायचा, ते चिमण्यांचे. व्यापारी मात्र काठावरून पट्टी फिरवायचा, आणि त्यावरून तो व्यापारी आहे हे कळायचं. लहानपणी मला वाटायचं की जगात माणसांचे दोन प्रकार आहेत, शीग लावणारे आणि पट्टी फिरवणारे. पुढे मी कॉस्टिंगचा हिशेबनीस झालो, म्हणजे कुठल्या बाजूला गेलो ते वेगळं सांगायला नको.

२०१३ साली मी लागोसला गेलो. इकेजामधल्या, पॅकेजिंगची छापील फिल्म बनवणाऱ्या एका कारखान्यात. तेव्हा कच्च्या तेलाच्या पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता आणि डॉलर एकशेसाठ नायराच्या आत. नायरा म्हणजे तिथला रुपया. कंपनीच्या गेस्टहाऊसमधल्या जुन्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात मला बाजाराचे धडे दिले. तराजू शोधू नकोस, तो मांसाच्या दुकानात आणि सुपरमार्केटात असतो. इथे सगळं डब्याने चालतं. डेरिका नावाची टोमॅटो पेस्ट यायची, तिचा रिकामा मोठा डबा म्हणजे डेरिका हे माप. उत्तरेकडे मुडू नावाचा वाडगा, लागोसमध्ये कॉन्गो, आणि त्याहून मोठं हवं असेल तर रंगाची रिकामी बादली, तिला नुसतंच 'पेंट' म्हणतात. एक पेंट गारी द्या, असं बाई म्हणाली की तिला रंग नको असतो, कसाव्याचा रवा हवा असतो. मला हे सगळं विलक्षण घरचं वाटलं. चिपटं, मापटं, शेर, पायली ह्यांच्या देशातून आलेल्या माणसाला किलोग्रॅम ही परकी गोष्ट आणि डबा आपला. त्यात चवळी निघाली थेट आपलीच, फक्त तपकिरी आणि जराशी गोड. तिचं नावच ओलोयिन, योरुबात ओयिन म्हणजे मध. तिची उसळ काळा मसाला घालून केली की इकेजाच्या गेस्टहाऊसमध्ये रविवारी दुपारी गंगापूर उतरायचं.

आणि तेव्हा मामा शीग लावायची. डेरिकावर दोन्ही तळव्यांनी धान्याचा शंकू रचायची, वरून आणखी एक मूठ टाकायची, ती ओघळायची, मग माझ्याकडे बघून भुवया उडवायची. म्हणजे बघ, मी कशी आहे. मग पिशवीत ओतल्यावर पुन्हा वेगळा जारा.

जारा म्हणजे उदारपणा असं मी धरून चाललो होतो. पुढे कळलं, त्यात उदारपणा असतो तसा अंदाजही असतो. आज मूठभर जास्त दिलं तर पुढच्या आठवड्यात तुला द्यायला माझ्याकडे माल असेल, तो मी ह्याच भावात आणू शकेन, आणि तू पुन्हा येशील, हा तो अंदाज. उद्यावर थोडा विश्वास असल्याशिवाय शीग उभी राहत नाही.

आमच्या स्टोअरमध्ये एक वयस्क स्टोअरकीपर होते, मी गेल्यावर तीनेक वर्षांनी निवृत्त झाले. दुपारी जेवणाच्या सुटीत ते भाजलेलं केळं आणि शेंगदाणे खात जुन्या गोष्टी सांगायचे. पाऊंड जाऊन नायरा आला तो १९७३ सालचा पहिला दिवस त्यांना आठवत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एका नायराला एका डॉलरहून जास्त मिळायचं, हे सांगताना ते आवाज खाली आणायचे, जणू मी विश्वास ठेवणार नाही. त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते. १९७४ च्या उडोजी आयोगाची पगारवाढ थकबाकीसकट पुढच्या वर्षी हातात पडली तेव्हा गल्लीत एकाच आठवड्यात फ्रिज, स्टिरिओ आणि शिलाई मशिनं आली. "आमच्या फ्रिजमध्ये ठेवायला काही नव्हतं," ते म्हणायचे, "आम्ही पाणी ठेवायचो आणि दार उघडून बघायचो." त्याच सुमारास सरकारने दोन कोटी टनांच्या आसपास सिमेंट मागवलं होतं. बंदराला झेपेल त्याच्या कितीतरी पट. शेकडो जहाजं लागोसच्या बाहेर समुद्रात ताटकळत उभी राहिली आणि दमट हवेत सिमेंट पोत्यातच दगड होत गेलं. पोरं किनाऱ्यावर जाऊन रात्री जहाजांचे दिवे मोजायची. तेल म्हणजे काय हे समजवायला मला कुणी आलेख दाखवण्यापेक्षा हे जहाजांचे दिवे जास्त उपयोगी पडले. तेल १९५६ सालीच नायजर नदीच्या डेल्टामध्ये ओलोइबिरीला सापडलं होतं, पण पैसा आला तो १९७३ च्या भाववाढीनंतर, एकदम, आणि न कमावता आलेल्या पैशाने घरात होतं तेच देशात झालं. शेंगदाणा, कोको, पामतेल विकून पोट भरणारा देश हळूहळू एकाच पिंपाच्या भावावर डोळा लावून बसला. मी तिथून निघालो तेव्हाही निर्यातीच्या कमाईत नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा तेल आणि वायूचाच होता.

गंमत अशी की एवढं करून पेट्रोल बाहेरून यायचं. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुनाचे सरकारी शुद्धीकरण कारखाने मी होतो तेवढी बहुतेक वर्षं आजारी किंवा बंद. कच्चं तेल जहाजात भरून जायचं आणि त्याचं पेट्रोल होऊन जहाजातून परत यायचं, डॉलर मोजून. उसाचा मळा असलेल्याने साखर विकत आणावी तसं.

२०१४ च्या अखेरीस पिंप घसरलं, २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली गेलं. २०१५ च्या जूनमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने एक्केचाळीस वस्तूंची यादी काढली. ह्यांच्या आयातीला बँकेतून डॉलर मिळणार नाही. यादीत तांदूळ होता, सिमेंट होतं, टूथपिक होत्या, खासगी विमानं होती, आणि खासगी विमानाच्या अगदी शेजारी 'इंडियन इन्सेन्स'. म्हणजे आपली उदबत्ती. एका खंडप्राय देशाचा रुपया बुडत असताना कुणीतरी बसून उदबत्तीचा विचार केला होता, ह्याचा मला आधी अभिमान वाटला आणि मग गणपतीत एका पुड्याला काय मोजावं लागतंय ते कळल्यावर राग आला. त्या वर्षी आम्ही आरतीला दोनच काड्या लावल्या. यादी आठ वर्षांनी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उठली, पण तोवर नायराच इतका उतरला होता की बंदी असण्या-नसण्यात फरक उरला नव्हता.

२०१६ मध्ये पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदा मंदी आली. त्याच उन्हाळ्यात कडुनाच्या भागात टोमॅटोवर नागअळीसारखी कीड पडली, लोक तिला टोमॅटोचा इबोला म्हणायचे. मामाने तेव्हा काय केलं ते मी बघितलं, पण समजलं नाही. तिने भाव वाढवला नाही. डबा तोच, भाव तोच. फक्त शीग बसकी झाली. शंकूचा घुमट झाला, घुमटाचं ताट. नंतर कधीतरी तिने हाताच्या कडेने काठावरून हलकेच पट्टी फिरवली. मी ते पाहिलं हे तिने पाहिलं. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ते तीन दाणे का टोचले ते कळणार नाही.

लागोसमध्ये जे काही विकलं जातं ते छोट्या पुडीत. दुधाची भुकटी, कोको, साबणाची पावडर, टोमॅटो पेस्ट, स्वयंपाकाचं तेल, सगळं. पाणीसुद्धा. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची पिशवी, तिचं नाव प्युअर वॉटर, कोपरा दाताने तोडायचा आणि प्यायचं. मी आलो तेव्हा दहा नायराला मिळायची, निघालो तेव्हा पन्नासला. ज्याची कमाई रोजची त्याची खरेदीही रोजची, मोठा डबा स्वस्त पडतो हे त्याला माहीत असतं पण मोठ्या डब्याएवढे पैसे एकरकमी त्याच्याजवळ कधीच नसतात. गॅससुद्धा लोक किलोवर भरून घेतात, साडेबाराचं सिलिंडर घेऊन येतात आणि म्हणतात तीन किलो टाका. ह्या सगळ्या पुड्यांना लागणारी छापील फिल्म आमच्यासारखे कारखाने बनवतात आणि पुडीचं एक व्याकरण असतं. तिची किंमत एका नोटेएवढी हवी. पन्नासची, शंभरची, दोनशेची. साठ नायराची पुडी चालत नाही, सुटे कुणाकडेच नसतात. दुकानदार सुट्यांऐवजी गोळी देतो, आपल्याकडे चॉकलेट देतात तसा. कोबोची नाणी तर मी फक्त एका सहकाऱ्याच्या मुलाच्या संग्रहात पाहिली.

तर किंमत हलवता येत नाही. मग काय हलवायचं? वजन.

माझ्या एक्सेलमध्ये एक रकाना होता, ग्रॅमेज. प्लास्टिकचा दाणा, शाई, जनरेटरचं डिझेल, सगळ्याचे भाव दुसऱ्या रकान्यांत बदलत राहायचे आणि शेवटी गिऱ्हाईक कंपनीच्या माणसांबरोबरच्या बैठकीत एसीच्या गारव्यात आम्ही ग्रॅमेजवर यायचो. वीस ग्रॅम असलेली पुडी अठराची, मग सोळाची, चौदाची. आधी पुडी तेवढीच ठेवायची, आत हवा जरा जास्त. मग ओरड व्हायच्या आत पुडीच पाच मिलिमीटरने आखूड करायची, म्हणजे फिल्मही वाचते. त्या पाच मिलिमीटरवर मला एकदा बक्षीसही मिळालं, कंपनीच्या वार्षिक जेवणात, टाळ्यांसह. दुधाच्या पुडीवर एका चमच्याचं चित्र छापलेलं असायचं, भुकटीने भरलेला, वर सुरेख टोक काढलेला. पुडी चार वेळा लहान झाली. चमचा मात्र तसाच राहिला, शिगोशीग.

२०२३ साल तिथे राहिलेला कुणी विसरणार नाही. वर्षाची सुरुवात नोटांपासून झाली. दोनशे, पाचशे आणि हजारच्या नोटा नव्या रंगात काढल्या, जुन्या जमा करा म्हटलं आणि नव्या पुरेशा छापल्याच नव्हत्या. आपल्याकडच्या २०१६ च्या नोव्हेंबरची आठवण असलेले आम्ही गेस्टहाऊसमधले लोक अनुभवी असल्याच्या थाटात सल्ले देत होतो. ते काही उपयोगी पडले नाहीत. फेब्रुवारीत रस्त्यावरचे स्वाइप मशीनवाले रोख देण्यासाठी शेकडा दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त कापून घेत होते. लोक स्वतःचाच पैसा विकत घेत होते. मामाकडे मोबाइलवरून पैसे पाठवायचे आणि मग तिच्या फोनवर 'अलर्ट' येईपर्यंत तिच्यासमोर उभं राहायचं. मागे माणसं खोळंबलेली, ती फोन उन्हात धरून बघतेय, मी चवळीची पिशवी अर्धी तिच्या हातात अर्धी माझ्या हातात धरून उभा. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्चला जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल दिला तेव्हा ते संपलं. पण शनिवारी एखादा माल खपला नाही तर तो सोमवारी सडलेला असतो, त्या टोमॅटोवाल्यांना निकालाचा काय उपयोग झाला असेल.

मग २९ मे. नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी आम्ही कॅन्टीनमध्ये बघत होतो. पेट्रोलचं अनुदान गेलं असं ते भाषणात म्हणाले. कॅन्टीनमधली दोन-तीन माणसं भाषण संपायच्या आत उठली आणि पंपावर गेली. दोनच दिवसांत लागोसमधला दर दोनशेच्या आतून ४८८ वर गेला. जूनच्या मध्यावर नायरा मोकळा सोडला. ४७१ चा डॉलर, पुढच्या फेब्रुवारीत दीड हजारांच्या वर. हे सगळं हिशेब म्हणून बरोबर होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. अनुदानाच्या पेट्रोलचे टँकर सीमा ओलांडून बेनिनमध्ये जायचे, सरकारच्या तिजोरीला भोक पडलेलं होतं, डॉलरचे दोन भाव असले की मधले पैसे कोण खातं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मी स्वतः कंपनीच्या टिपणात 'आवश्यक सुधारणा' असे शब्द वापरले होते. फक्त एक गोष्ट टिपणात बसत नव्हती. माझ्या ड्रायव्हरने ती गाडी चालवता चालवता सांगितली. सरकारने आम्हाला वीज दिली नाही, पाणी दिलं नाही, रस्ता हा असा, पण तेलाच्या देशात जन्मल्याचा एक फायदा होता, पेट्रोल स्वस्त होतं. त्याच्या गल्लीतली प्रत्येक खोली रात्री पेट्रोलवर चालायची. छोट्या जनरेटरला लोकांनी नावच ठेवलं होतं, 'आय बेटर पास माय नेबर', शेजाऱ्यापेक्षा मी बरा. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्या गल्लीत रात्री इतकी शांतता झाली की म्हणे त्याला झोप येईना.

त्याच सुमारास वाळूजहून धाकट्या भावाचा फोन. तो एका पुरवठादाराकडे सुट्या भागांच्या लाइनवर आहे. "तुझ्या नायजेरियाला काय झालंय रे? इकडं ओव्हरटाइम बंद." मला क्षणभर संदर्भच लागेना. मग खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्यावर पिवळ्या केकेंची रांग लागलेली, बजाजच्या तीनचाकी, आमच्या वाळूजच्या पाण्याच्या. लागोसमध्ये नव्वदीच्या दशकात एका लष्करी प्रशासकाने त्या रस्त्यावर आणल्या म्हणून त्यांना केके मारवा म्हणायचे. पुढे गरिबी हटवण्याच्या सरकारी योजनेतून वाटल्या, म्हणून केके नापेप. मोटारसायकलींचंही तेच, बजाजची बॉक्सर म्हणजे तिथली बैलजोडी. डॉलर तिप्पट झाला की केकेचा हप्ता तिप्पट, मग नवी केके कोण घेणार, मग वाळूजला संध्याकाळच्या पाळीत कोण थांबणार. भावाच्या बायकोने त्या दिवाळीला नवा फ्रिज पुढे ढकलला. स्टोअरकीपरच्या वडिलांचा फ्रिज मला त्या रात्री फार आठवला.

आणि मी? माझा पगार निम्माशिम्मा डॉलरमध्ये भारतात जमा व्हायचा. नायरा पडला तसं लागोसमधलं माझं जगणं स्वस्त होत गेलं. सगळ्यांत मोठी नोट हजाराची, तिची किंमत आपल्या पंचावन्न रुपयांच्या आसपास आली होती. शनिवारी बाजारात जाताना गड्डी न्यावी लागे, पण ती गड्डी मला पोरखेळातल्या नोटांसारखी हलकी वाटायची. ड्रायव्हरला ती हलकी नव्हती. ज्या महिन्यात मामाने दाणे मोजले, त्याच महिन्याच्या शेवटी किमान वेतन तीस हजारांवरून सत्तर हजार झालं आणि बाजारात पन्नास किलो तांदळाचं पोतं ऐंशी हजारांच्या घरात होतं. महिनाभर राबलेल्या माणसाला सगळा पगार ओतूनही एक पोतं उचलता येत नव्हतं, आणि मी तीन डबे चवळी घेऊन वर जारा मागत होतो. भाव केल्याशिवाय भाजी घेतली की चुकल्यासारखं वाटणाऱ्या घरात मी वाढलोय, हे कारण खरं आहे. पण त्या शनिवारी ते मला स्वतःलाच पटेना.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी जारा मागितला नाही. मामा मापत असताना डब्याकडे नीट पाहिलं. डेरिकाचं बूड आत ठोकलेलं होतं, चांगलं अंगठाभर. बाहेरून काठ तेवढाच, आतून चवळी कमी. आजूबाजूच्या सगळ्या डब्यांची तीच गत. एक डबा तर इतका ठोकला होता की उलटा धरला असता तर त्यात दही विरजलं असतं. हे नवं नव्हतं, बाजारात सगळ्यांना माहीत होतं, घेणाऱ्या बायका डबा हातात घेऊन बोटाने बूड चाचपून बघायच्या आणि मगच भाव करायच्या. मी इतक्या वर्षांत कधी बोट घातलं नव्हतं. मनात पहिला विचार आला तो फसवणुकीचा. मग दुसरा आला तो मात्र पळवून लावता येईना. हातोडी तिच्याकडे होती, माझ्याकडे एक्सेल. मला टाळ्या मिळाल्या होत्या. शिवाय तिने निदान तीन दाणे डोळ्यांत डोळे घालून मोजले होते. माझ्या पुडीवरचा चमचा भरलेलाच होता.

त्या वर्षाच्या शेवटी मी परत आलो. निघायच्या आदल्या शनिवारी मामाकडे गेलो आणि तो डबा विकत मागितला. तिला आधी वाटलं मी तिच्या मापावर तक्रार घेऊन आलोय, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग घरी आईसाठी हवाय म्हटल्यावर मोठ्याने हसली. तिने फळीखालून दुसरा एक डबा काढून बाजूला ठेवला, त्याचं बूड सपाट होतं, तो ती ट्रकवाल्याकडून माल घेताना वापरायची. ठोकलेला माझ्या हातात दिला. पाचशे नायरा मागितले, मी दिले. डब्यात तिने चवळी भरून दिली, न सांगता, आणि वरून तळव्याने एकदा थोपटली. पट्टी फिरवली नाही, शीगही लावली नाही. काठोकाठ.

चवळी विमानतळावर कुणी अडवली नाही. आईने तिची उसळ केली आणि चांगली आहे, जरा गोडसर आहे म्हणाली. डबा मात्र तिने हातात घेतल्याबरोबर उलटा केला, अंगठ्याने बूड दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. "एवढ्या लांबून ठोकलेलं माप आणलंस होय रे?" तिला काय सांगणार. मी म्हटलं, तिकडं असंच असतं. "तिकडं कशाला," ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात इकडं पण होतं." आणि डबा फडताळात ठेवून दिला.

परवा शेजारच्या काकू बाजरी न्यायला आल्या. घरातलं जुनं मापटं सापडेना, म्हणून आईने तो डबा काढला. ओसरीवर पोत्याचं तोंड सोडून बसली, डबा आत खुपसला, दोन्ही तळव्यांनी वर शीग रचली. काठावरून दाणे ओघळून फरशीवर पडले ते तसेच राहू दिले. काकूंच्या पाटीत ओतताना म्हणाली, "लाभ." आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. मग दुसरा डबा, "दोन." मग "तीन." काकू पाटी उचलायला वाकल्या, तेवढ्यात आईने डबा उलटा करून बुडाकडे पाहिलं, पुन्हा पोत्यात घातला आणि आणखी अर्धा भरून ओतला.

"हा बुडाचा," ती म्हणाली.